परदेशी सेलरला बॅग रिटर्न केली, आणि तिथेच फसलो

आधीच सांगून टाकतो, भलतीच वस्तू आली हे खरं आहे पण तेवढ्याने माझे पैसे बुडाले नव्हते. तिथपर्यंत सगळं हातात होतं. पैसे बुडाले ते वस्तू परत करताना, आणि तेही मी अगदी शहाण्यासारखं वागतोय असं मला वाटत असताना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कुणाचं असं रिटर्न आत्ता चालू असेल तर त्याने मेलला उत्तर द्यायच्या आधी हे वाचावं.

तर बॅग. खांद्याला अडकवायची, लेदरची, 'हाताने शिवलेली'. जाहिरातीत एक म्हातारं जोडपं, मागे भिंतीला टांगलेली हत्यारं, आणि खाली मजकूर की इतकी वर्षं चालवलेलं वर्कशॉप आता बंद करतोय, शेवटचा स्टॉक, ७० टक्के सूट. साइटवर देश इटली. मला खरंच वाईट वाटलं हो त्या दोघांचं! ताईला लिंक पाठवली तर ती म्हणाली, "अरे, दुकान बंद करणारा माणूस जाहिरातीवर एवढा खर्च कशाला करेल?" मी म्हटलं तुला प्रत्येकात संशयच दिसतो. पुढे सगळं झाल्यावर तो फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाकला तेव्हा तेच जोडपं दुसऱ्या एका साइटवर स्वेटर विणत बसलेलं सापडलं, तिथे त्यांचा देशही वेगळा होता आणि नावंही. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी रजिस्टर झालंय ते बघितलं तर माझ्या ऑर्डरच्या जेमतेम दोन महिने आधी. हे दोन्ही बघायला मला पाच मिनिटं लागली, फक्त ती पाच मिनिटं मी पाच महिने उशिरा काढली.

पहिली खूण तर त्यांनी स्वतःच पाठवली होती. आंतरराष्ट्रीय टपालाचा ट्रॅकिंग नंबर सगळीकडे एकाच साच्याचा असतो, सुरुवातीला दोन अक्षरं, मग ९ आकडे, शेवटी परत दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं म्हणजे ज्या देशाच्या टपालखात्यात पार्सल टाकलं गेलं तो देश. इटलीचं असेल तर आयटी. माझ्या नंबरच्या शेवटी सीएन होतं, म्हणजे चीन. मी काय विचार केला असेल? की यांचं गोडाऊन तिकडे असेल. सेलरला काही बोलायची गरजच पडली नाही, त्याच्या वतीने माझी समजूत मीच काढली. (पहिलं अक्षरही बघत जा, 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'ई' म्हणजे ईएमएस, परदेशी स्पीड पोस्टच ते, आणि 'यू' असेल तर साधं पाकीट, त्याचं ट्रॅकिंग शेवटपर्यंत मिळेलच असं नाही.)

२४ व्या दिवशी बॅग आली. उघडताच प्लास्टिकचा वास. आतल्या शिलाईपाशी कापलेली कड बघितली तर वर चकचकीत पापुद्रा आणि खाली पांढरं विणलेलं कापड, म्हणजे सरळसरळ रेक्झिन. लेदरची कड कापली तर आत तंतू तंतू दिसतात, विणलेलं कापड दिसत नाही, हे मला माहीत होतं. फोटो काढले, त्याच दिवशी मेल केला की ही लेदर नाही, मला रिटर्न करून पूर्ण पैसे हवेत.

दुसऱ्या दिवशी उत्तर. डिअर फ्रेंड, आम्हाला अत्यंत दुःख झालं, बॅग तुमच्याकडेच ठेवा, कुणाला तरी भेट द्या, आणि आम्ही १५ टक्के रक्कम परत करतो. मी नाही म्हटलं. मग २० टक्के. मग ३०. मग कारण आलं की रिटर्नचं पोस्टेज खूप पडतं, शिवाय पर्यावरणाचं नुकसान होतं, तर ४० टक्के घ्या आणि विषय संपवा. प्रत्येक मेलखाली सहीचं नाव वेगळं, भाषा तीच. प्रत्येक उत्तर बरोबर एक दिवस सोडून. मला वाटत होतं की मी घासाघीस जिंकतोय, आकडा वर चाललाय ना! प्रत्यक्षात काय होत होतं तर दिवस जात होते. २४ व्या दिवशी सुरू झालेला हा खेळ ५० व्या दिवसापर्यंत चालला आणि तोपर्यंत त्यांच्याच साइटवरची '१४ दिवसांत रिटर्न' ही मुदत केव्हाच संपली होती, जे त्यांनी मला मग अगदी नम्रपणे कळवलं, आणि वर 'तरीही आम्ही अपवाद करतो' असं म्हणून उपकारही केले.

पोस्टेजचं मात्र ते खोटं बोलत नव्हते, आणि ही सगळी लबाडी उभी राहते ती याच गोष्टीवर. तिकडून बॅग जवळजवळ फुकट येते आणि इकडून पाठवायला एवढे पैसे का? परदेशातून आलेलं टपाल तुमच्या दारात आणून टाकल्याबद्दल तुमचं टपालखातं पाठवणाऱ्या देशाच्या खात्याकडून एक शुल्क घेतं, त्याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. १९६९ मध्ये युनिव्हर्सल पोस्टल युनियनने, म्हणजे देशोदेशींच्या टपालखात्यांच्या संघटनेने, ही पद्धत ठरवली, आणि पुढे विकसनशील म्हणून धरलेल्या देशांसाठी दर कमी ठेवले. २ किलोपर्यंतची छोटी पाकिटं यात 'पत्रं' म्हणूनच मोजली जातात. ऑनलाइन खरेदी वाढल्यावर ही पत्रं म्हणजे मुख्यतः चार्जर, कव्हर आणि माझ्यासारख्यांच्या बॅगा झाल्या. यावरून भांडण इतकं पेटलं की अमेरिका युनियन सोडायला निघाली होती, शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन घेऊन दर बदलले. पण एकट्या माणसाने काउंटरवर जाऊन ट्रॅकिंगवालं पार्सल पाठवायचं म्हटलं तर त्याला घाऊक दर कोण देणार? माझं रिटर्नचं पोस्टेज बॅगेच्या किमतीच्या साधारण ६० टक्के झालं. म्हणजे ४० टक्के घेऊन गप्प बसलो असतो किंवा परत पाठवून पूर्ण पैसे घेतले असते, हिशेब एकच येत होता. सेलरला हा हिशेब पाठ असतो. ४० वर तो का थांबला हे मला काउंटरवर पावती हातात आल्यावर कळलं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. मधल्या काळात मी पेमेंट सर्विसकडे डिस्प्यूट, म्हणजे या व्यवहाराबद्दलची तक्रार, टाकला होता, त्यामुळे ती रक्कम अडकली होती. सेलरचा सूर एकदम बदलला. पत्ता देतो, रिटर्न घेतो, सगळं करतो, फक्त डिस्प्यूट चालू असताना आमचं अकाउंट लॉक आहे त्यामुळे आम्हाला रिफंड करताच येत नाही, तुम्ही तो बंद करा, बॅग मिळाली की २४ तासांत पैसे. वाचायला किती लॉजिकल वाटतं! मी बंद केला. ही शुद्ध थाप असते. डिस्प्यूट चालू असतानाच रिफंड द्यायची सोय तिथेच असते. आणि बंद केलेला डिस्प्यूट परत उघडता येत नाही. मी कुठली सर्विस वापरली ते सोडा, पण उदाहरणच घ्यायचं तर पेपालचा नियम बघा, पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट टाकता येतो, तो टाकल्यावर २० दिवसांत क्लेममध्ये (म्हणजे निकाल पेपालने द्यावा अशा मागणीत) बदलावा लागतो नाहीतर आपोआप बंद होतो, आणि एकदा बंद झाला की संपलं. हे हेल्प पेजवर साध्या भाषेत लिहिलेलं असतं, मी ते वाचलं नव्हतं कारण मला वाटत होतं समोरचा माणूस आता वठणीवर आलाय.

पत्ता यायला अजून आठवडा गेला. पत्ता इटलीचा नाहीच, कंपनीचं नावही नाही, कुणातरी व्यक्तीचं नाव, एक फोन नंबर आणि एका औद्योगिक वसाहतीचं नाव, गाळा नंबर वगैरे काही नाही. सोबत सूचना, कस्टम्सच्या फॉर्मवर 'गिफ्ट' वर टिक करा आणि किंमत अगदी किरकोळ लिहा नाहीतर आम्हाला ड्युटी बसेल. त्या फॉर्मवर, म्हणजे तो छोटा सीएन २२ किंवा जास्त किमतीच्या वस्तूला लागणारा सीएन २३, आपण सही करून सांगत असतो की लिहिलंय ते खरं आहे. आणि 'परत केलेला माल' यासाठी तिथे वेगळा रकाना असतो, तोच भरायचा असतो. मी काय केलं, तर गिफ्ट लिहिलं नाही, एवढी लाज होती, पण किंमत कमी लिहिली. 'विक्रीचा माल' वर टिक केलं. म्हणजे अर्धी चूक त्यांच्यासाठी आणि अर्धी स्वतःसाठी. आता उद्या पार्सल हरवलं असतं तर भरपाई त्या किरकोळ किमतीवर, आणि कुणाकडे तक्रार नेली तर माझ्याच सहीचा कागद म्हणणार की ही बॅग एवढ्याचीच होती.

५८ व्या दिवशी पार्सल टाकलं. २२ दिवसांनी ते त्या शहरात पोचलं. मग ट्रॅकिंगवर आलं 'डिलिव्हरीचा प्रयत्न असफल', मग परत तेच, मग 'ऑफिसमध्ये ठेवले आहे'. मी सेलरला स्क्रीनशॉट पाठवतोय की बाबांनो जाऊन घ्या, ते म्हणतायत आमच्या वेअरहाऊस टीमला विचारतो, थोडा धीर धरा, तिकडे सुट्ट्या चालू आहेत. फोन नंबर लावला तर तो अस्तित्वातच नाही. मुदत संपल्यावर स्टेटस बदललं, 'पाठवणाऱ्याकडे परत'. त्या दिवशी सेलरचा शेवटचा मेल आला, आम्हाला वस्तू मिळालेली नाही त्यामुळे रिफंडचा प्रश्न येत नाही. त्यानंतर त्या आयडीवर मेल बाउन्स व्हायला लागले आणि थोड्या दिवसांनी साइटही उघडेना.

ताई म्हणाली कार्डवाल्यांकडे चार्जबॅक टाक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे त्यांच्यामार्फत परत माग. टाकायला हवा होताच, पण मी येड्यासारखा ठरवलं की आधी बॅग हातात येऊ दे, मग पुराव्यासकट जाऊ. बॅग निवांत आली. मी फोन केला तेव्हा ऑर्डरला १५५ दिवस झाले होते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस असतात, वस्तू मिळाल्यापासून मोजले तरी माझे १३१ झाले होते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की तुम्ही तुमचा डिस्प्यूट स्वतःहून बंद केला होता का? हो म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं टाइप केल्याचा आवाज आला.

तुमचं प्रकरण आत्ता मधल्या टप्प्यावर असेल तर, ऑर्डरच्या तारखेपासून १२० आणि वस्तू हातात पडल्यापासून १२० अशा दोन्ही तारखा आजच कॅलेंडरमध्ये टाका आणि पहिली यायच्या आतच कार्डवाल्यांकडे जा, पार्सल कुठेही असलं तरी. टक्केवारीच्या मेलला एकदाच नाही म्हणा, दुसऱ्या आकड्याला उत्तरच देऊ नका, सरळ डिस्प्यूट टाका आणि पुढचं सगळं बोलणं त्याच पानावर करा, खासगी मेलवर नको. रिटर्नचा पत्ताही तिथेच मागा, पूर्ण, कंपनीच्या नावासकट. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेलं पार्सल ही तुमची चूक धरली जाते, पण पत्ता त्यांनी डिस्प्यूटमध्ये लिहून दिला असेल तर तो त्यांच्या गळ्यात पडतो. आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत काहीही बंद करायचं नाही, समोरचा कितीही रडला तरी.

राहिली बॅग. ती परत आली तेव्हा पोस्टमनने एक चिठ्ठी दिली, यावर कस्टम ड्युटी भरायची आहे. मी म्हटलं अहो ही माझीच बॅग आहे, मीच पाठवली होती, परत आलीये. ते म्हणाले फॉर्मवर विक्रीचा माल लिहिलंय. कुणी लिहिलंय ते मी विचारलं नाही. ड्युटी भरली, बॅग घेतली. तीनदा समुद्र ओलांडल्यामुळे असेल, पट्ट्यावरचा पापुद्रा निघायला लागलाय. ताई आली की पहिली तीच उचलते, नखाने थोडं सोलते आणि म्हणते, "इटालियन आहे, जपून वापर."