बीटलचं इंजिन बांधताय? आतला माल घेण्याआधी वाचा, माझे 67,500 गेले

आधीच सांगतो, मी नवशिका नाहीये, फोक्सवॅगनची एअरकूल्ड इंजिनं बरीच वर्षं खोलतोय, त्यामुळे "दादा तुला कळलं कसं नाही" असं विचारू नका, ते घरी रोज ऐकतोय. बीटलचं 1600 चं इंजिन 1776 करायचं होतं, म्हणजे स्ट्रोक (पिष्टनची वर-खाली चाल) 69 मिमीचाच, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) 85.5 वरून 90.5. केस (क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं खोकं) आणि हेड त्या मापाला मशीन करून घेतले आणि वर दोन कार्ब्युरेटर टाकायचे म्हणून क्रँकपण (पिष्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट) दमदार हवा होता.

माणूस मुंबईकडचा. जुन्या गाड्यांवाल्यांत बऱ्यापैकी ओळखलेला, गोड बोलणारा, अमेरिकेहून सामान येतं म्हणायचा. पहिल्यांदा पिष्टन-बॅरलचा सेट दिला 31,000 ला आणि तो शंभर टक्के खरा निघाला. तिथंच गळाला लागलो हो. ही लोकं पहिला माल खराच देतात. मग क्रँक, "नवा, फोर्ज्ड 4340, काउंटरवेटवाला, 8 डॉवेल", म्हणजे 4340 स्टील ठोकून घडवलेला, तोल साधायला वजनं असलेला आणि फ्लायव्हील 8 पिनांवर बसणारा, 46,500. कॅम आणि लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट आणि त्यावर टेकणारे दट्टे) 14,200. बेरिंग म्हणे आपल्याकडून फ्री! सगळे पैसे यूपीआयने, बिल "पाठवतो पाठवतो".

आता जिथं माझी ट्यूब पेटायला हवी होती ते सांगतो, कारण अजून आठवलं की डोकं फिरतं. मेन बेरिंगच्या (क्रँक केसमध्ये ज्यावर फिरतो त्या) बॉक्सवर 0.50 मिमी लिहिलेलं. आता माझी केस लाईन बोअर केलेली, म्हणजे बेरिंगची भोकं एका रेषेत मोठी केलेली, तिला बाहेरून 0.50 ओव्हरसाईज बेरिंगच लागणार होतं, त्यामुळे मी म्हटलं बरोबर आहे. पण बॉक्सवर आकडे दोन असतात, एक केसचा आणि एक क्रँकचा, आणि दोन्ही 0.50 होते. बरं तेही सोडा. कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगवरपण 0.50! रॉडचा आणि केसचा संबंध काय? काहीच नाही. अंडरसाईज बेरिंग लागतं ते ग्राइंड करून बारीक झालेल्या क्रँकला, नव्या क्रँकला लागतंच कशाला? त्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊ, परफॉर्मन्स इंजिनला क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, वेगळी ठेवतात." आणि एवढं छातीठोकपणे म्हणाला की मी गप्प बसलो. समोरचा इतक्या खात्रीने बोलल्यावर कोणीही बसला असता.

वर 6,800 घालून फ्लायव्हील 8 डॉवेलला ड्रिल करून घेतलं. मग बॅलन्सिंगला कोल्हापुरात उद्यमनगरला दिलं, तिथल्या काकांनी मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे बघतच बसले. जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा भाग) 54.48 मिमी. नव्याचं 54.98 च्या आसपास यायला पाहिजे. म्हणजे 0.50 ग्राइंड केलेला जुना स्टॉक (कंपनीचा मूळ) क्रँक, त्याला काउंटरवेट वेल्ड करून वर काळा रंग. रंग खरवडला तर एका वेल्डला चीर. हे इंजिन 5000 आरपीएमला नेलं असतं तर काउंटरवेट केस फोडून बाहेर येऊ शकलं असतं. वेल्डेड काउंटरवेट वाईटच असं नाही, चांगले लोक करतात, पण नंतर सरळ करून, ग्राइंड करून, बॅलन्स करून देतात, आणि वेल्डेड आहे म्हणून सांगून विकतात. आणि कास्टिंगची (ओतकामाची) रेघ शोधत बसू नका, स्टॉक क्रँकपण फोर्ज्डच असतो, हातोडीने वाजवून बघितला तरी छानच वाजणार. माप घ्या माप.

लिफ्टर तर त्याहून भारी. नव्या लिफ्टरचं तोंड किंचित फुगीर असतं, दोन लिफ्टर तोंडाला तोंड लावले की डुलतात. माझे चिकटून बसत होते, म्हणजे झिजलेले, फक्त पॉलिश मारलेलं. असे जुने लिफ्टर नव्या कॅमवर चढवले की कॅम खाल्लाच समजा. कॅमच्या टोकाला ग्राइंडचा (कॅमचा आकार कुठला ते सांगणारा) नंबरपण नव्हता. मी विचारलं होतं, म्हणाला "पुसला जातो". धातूवर ठोकलेला नंबर पुसला जातो!

त्याचा हिशोब सरळ आहे, आतला माल एकदा केस बंद झाली की कोणाला दिसत नाही, आणि फुटलं की मिस्त्रीच्या नावाने खडे. मलाही तेच, "तुमच्या मशीनवाल्याने घासला असेल." म्हणून पार्सल उघडतानाच व्हिडिओ करा, सलग, माप घेईपर्यंत.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत साहेब म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठंय?" मी म्हटलं, साहेब नवी सांगून जुनी दिली. तर म्हणे दिवाणी मामला आहे, वकील बघा. लिहून घेणाऱ्याने अर्जात "गाडीचा पाना" लिहिलं, शपथेवर सांगतो, पाना! सायबरवाले म्हणाले मुंबईत जा, मुंबईच्या ठाण्यातून फोनवर सांगितलं जिथून पैसे पाठवले तिथं जा. बँकेने सांगितलं पिन तुम्ही स्वतः टाकलाय. ग्राहक आयोगासाठी वकील म्हणतो बिल आणा. बिल असतं तर तुझ्याकडे आलो असतो का रे? टॅक्स भरताना बरी आमची हद्द सगळ्यांना सापडते.

बिल आधी, पैसे नंतर. आणि तो अजून विकतोय, नाव बदललंय पण फोटो तोच, क्रँक निळ्या ताडपत्रीवर ठेवलेला. कोणी बोलणं चालू केलं असेल तर त्याला फक्त रॉड बेरिंगचा साईज विचारा, बघा काय सांगतो.