गेमबॉयवरचं डकटेल्स, बरेच महिने खेळल्यावर

नॉस्टॅल्जियासाठी घेणार असाल तर राहू द्या, तो आठवड्याभरात उतरतो. रविवारी दूरदर्शनवर हिंदीत लागायचं ते डकटेल्स, अंकल स्क्रूज, ती तीन पोरं, गाणं कानावर पडलं की अंघोळ अर्धवट टाकून टीव्हीसमोर, हे ज्यांनी केलंय त्यांना पहिल्या दिवशी भारी वाटणारच. पण ती गंमत आठवणीची झाली. गेमची मजा वेगळीच आहे आणि ती अजून ओसरलेली नाही, म्हणून एवढं लांबण लावतोय.

माझ्याकडे आहे ती कॅपकॉमची १९९० ची गेमबॉय (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं जुनं मशीन) आवृत्ती, जपानी कार्ट्रिज. टोकियोत राहण्याचा फायदा म्हणजे सेकंडहँड दुकानांत जुन्या गेम्सचे ढीग असतात आणि डबा-मॅन्युअल नसलेलं नुसतं कार्ट्रिज बरंच स्वस्त पडतं. फक्त इथे याचं नाव 'वानपाकु डक युमे बोकेन', त्यामुळे डकटेल्स म्हणून विचारलं तर दुकानदार तोंडाकडे बघत बसतो, सरळ लेबलवरचा स्क्रूज शोधायचा. गेमबॉयला रीजन लॉक नाही, कुठल्याही देशातलं कार्ट्रिज कुठल्याही मशीनवर चालतं, भारतात कुणासाठी न्यायचं असेल तरी टेन्शन नाही. संवाद थोडेच आहेत, भाषेवाचून काही अडत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे काठी. उडी मारून हवेत असताना खालचं बटण आणि बी दाबून धरलं की म्हातारा स्क्रूज काठीवर टणाटण उड्या मारायला लागतो, यालाच पोगो म्हणतात. शत्रूच्या डोक्यावर पडलं की शत्रू खलास आणि आपण आणखी वर, काट्यांवरूनही आरामात जाता येतं. ऐकायला सोपं, पण बी सोडलं की पोगो थांबतो आणि साध्या पायांनी शत्रूवर पडलात की मार बसतो, त्यामुळे कधी धरायचं कधी सोडायचं हे अंगठ्यांनाच शिकावं लागतं, डोकं वापरून जमत नाही. पहिले काही दिवस मी नुसता चिडचिड करत होतो, मग एक दिवस अ‍ॅमेझॉनच्या लेव्हलमध्ये ओळीने तीन शत्रूंच्या टाळक्यावरून जमिनीला न टेकता पलीकडे गेलो आणि तिथून जो नाद लागला तो लागलाच.

आणि गेम बनवणारे हुशार, त्यांनी ही सवय मोडायची पण सोय करून ठेवलीय. हिमालयात बर्फावर पोगो केला की काठी बर्फात रुतून बसते आणि काका तिथेच अडकून हातपाय हलवत बसतात, तेवढ्यात कोणीतरी येऊन धडकतं. इतका वेळ ज्या गोष्टीवर विसंबून होतात तीच काढून घेतली की नाइलाजाने साध्या उड्या मारत जावं लागतं. काठीचा दुसरा उपयोग गोल्फसारखा, दगडाला टोला मारायचा. कठीण भिंतीवर मारली तर स्क्रूजच्या हाताला झिणझिण्या येतात, चार छटांच्या एवढ्याशा चित्रात तेही दाखवलंय, मला अजून हसू येतं.

लेव्हल पाच, अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र, कुठूनही सुरू करा. स्कोअर म्हणजे थेट पैसे, जे स्क्रूजला शोभतंच. मोकळ्या जागेतून नुसतं गेलं तरी हवेत एकदम हिरा प्रकट होतो, त्यामुळे कोपरानकोपरा चाचपायची सवय लागते, आणि शेवट कसा होणार ते पण तुम्ही किती माया जमवली त्यावर ठरतं. सगळे खजिने मिळाले की परत ट्रान्सिल्व्हेनियात जाऊन ड्रॅक्युला डकला हरवायचं आणि मग स्क्रूजचा प्रतिस्पर्धी ग्लॉमगोल्डच्या आधी दोरावर चढायचं, तिथे हाताला घाम फुटतो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे स्क्रीन. मूळ गेम एनईएसवरचा (निन्टेन्डोचं टीव्हीला जोडायचं मशीन), १९८९ चा, तिथे टीव्हीभर जागा होती. गेमबॉयचा स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, त्यात स्क्रूज मोठा काढलाय, मग पुढचं आणि खालचं दिसणार किती? लेव्हलची मांडणी बदलून त्यांनी बरंच सांभाळून घेतलंय पण तरी काही उड्या देवाचं नाव घेऊनच माराव्या लागतात. दोन-चारदा मेलं की पाठ होतं, हे मान्य, पण पहिल्यांदा ते अन्यायाचंच वाटतं.

दुसरं, सेव्ह नाही, पासवर्डही नाही. बंद केलं की पहिल्यापासून. अर्थात हात बसल्यावर गेम तासाभराच्या आतच संपतो, त्यामुळे मला हे आता फार खटकत नाही. सकाळी ऑफिसला जाताना तोझाई लाइनच्या मेट्रोत, गर्दीत उभ्याउभ्या खेळतो, निशी-कसाई स्टेशनहून आराकावा नदीच्या पुलापर्यंत खिडकीतून उजेड मिळतो, मग गाडी जमिनीखाली शिरली की जुन्या गेमबॉयला बॅकलाइट नसल्यामुळे मशीन वाकडंतिकडं करून डब्यातल्या ट्यूबचा उजेड पकडत बसायचं, डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरवायचं, शेजारचे आजोबा बघत असतात. चार पेन्सिल सेल लागतात, रिचार्जेबल घ्या, पुष्कळ दिवस पुरतात. माझ्या मशीनच्या स्क्रीनवर मधे उभ्या रेषा गायब झाल्या होत्या, जुन्या गेमबॉयचा हा नेहमीचा आजार आहे, खालच्या रिबनचं कनेक्शन सुटतं, मित्राने सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवून दिलं आणि रेषा परत आल्या. कार्ट्रिज लागलं नाही तर फुंकर मारू नका, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा.

हेडफोन मात्र लावाच. मशीनचा स्पीकर मोनो आहे, हेडफोनमध्ये स्टिरिओ मिळतो, आणि चंद्राच्या लेव्हलची धून तशीच ऐकायची गोष्ट आहे. हिरोशिगे तोनोमुरा यांनी एनईएससाठी केलेलं हे संगीत, गेमबॉयच्या चार चॅनेलमध्ये बसवल्यावरही त्याचा जीव गेलेला नाही. २०१७ च्या नव्या मालिकेत पुढे हीच चाल अंगाई म्हणून वापरली, म्हणजे बघा. कधीकधी मी त्या लेव्हलला नुसता उभा राहतो.

पर्याय म्हणाल तर २०१३ चं रिमास्टर्ड, म्हणजे याच गेमचं नव्याने बनवलेलं रूप, आहे, त्यात नव्वदी ओलांडलेल्या अ‍ॅलन यंग यांनी पुन्हा स्क्रूजचा आवाज दिलाय, तेवढ्यासाठी एकदा खेळाच, पण दर चार पावलांवर गप्पा सुरू होतात आणि खेळाची लय तुटते. २०१७ च्या डिस्ने आफ्टरनून कलेक्शनमध्ये एनईएसची आवृत्ती आहे, रिवाइंडसकट, ज्यांना घरीच टीव्हीवर खेळायचंय त्यांनी तीच घ्यावी, स्क्रीनची कटकट नाही. गेमबॉयवालं त्यात नाही, ते हवं तर कार्ट्रिजच शोधावं लागेल. १४ लाखांहून जास्त खपलेला गेम आहे, त्यामुळे मिळतो, दुर्मीळ म्हणून कोणी भाव चढवून सांगत असेल तर सरळ पुढचं दुकान गाठा. आणि सुरुवातीला इझीवर खेळायला लाजू नका, मी नॉर्मलवर बऱ्याच उशिरा गेलो आणि डिफिकल्टवर तो दोरावरचा ग्लॉमगोल्ड मला अजूनही पुढे जाऊ देत नाहीये.