डूला, लमाझ की नर्सिंग: बाळंतपणाच्या कामात शिरायचं तर कुठल्या दाराने?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतोच, आणि बहुतेक वेळा दुपारी, पलीकडच्या बाईचं मूल झोपलेलं असताना. "ताई, मला डूला व्हायचंय. कुठला कोर्स चांगला?" डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला बसणारी मदतनीस. मी कोर्सचं नाव सांगत नाही. उलट विचारते, "रात्री दोनला फोन आला तर पंधरा मिनिटांत घर सोडता येईल का?" मग थोडा वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येतो.

मागच्या महिन्यातली अशीच एक. वय ३४, बी.कॉम., मूल दोन वर्षांचं, बँकेतली नोकरी सोडलेली. स्वतःच्या बाळंतपणात कुणी धड बोललं नाही, हात धरला नाही, ते तिच्या मनातून जात नव्हतं. तिच्यापुढे खरं तर चार वाटा होत्या: परदेशी संस्थेचं डूला प्रमाणपत्र, घरबसल्या ऑनलाइन कोर्स, प्रसूतिपूर्व वर्ग घेणारी शिक्षिका होणं, आणि थेट नर्सिंग. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते.

आधी एक गोंधळ निस्तरून टाकू. "डूला म्हणजे सुईणच ना?" हा प्रश्न सासरे, रिक्षावाले आणि एकदा तर एका डॉक्टरांनीही मला विचारलाय. सुईण बाळ झेलायची, नाळ कापायची. डूला यातलं काही करत नाही. बीपी बघत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, पिशवीचं तोंड किती बोटं उघडलं ते तपासत नाही, औषध सुचवत नाही. पूर्वी सुईण पुढे बसलेली असायची, तेव्हा बाळंतिणीच्या पाठीशी जी मावशी बसायची, घाम पुसायची, पाण्याचा घोट द्यायची, "होतंय गं, होतंय" म्हणायची, तिचं काम डूलाचं. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये तो बाळंतिणीच्या मदतनिसासाठी वापरला.

या कामाला वजन आलं ते ग्वाटेमालातल्या एका अभ्यासाने. मार्शल क्लाउस, जॉन केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. ज्या बायकांजवळ कळांच्या पूर्ण काळात कुणीतरी बसून होतं, त्या दाखल झाल्यापासून बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी वेळात बाळंत झाल्या. त्या बसणाऱ्या बायका प्रशिक्षित नव्हत्या, ओळखीच्याही नव्हत्या. साध्या गावातल्या बायका. कोर्सच्या जाहिरातीत हा अभ्यास हमखास असतो, हा तपशील मात्र गळलेला असतो. पुढे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांवर बायका एकत्र तपासल्या गेल्या. तिथे फायदा दिसला, पण बेताचा: नॉर्मल प्रसूती थोड्या जास्त, सिझर थोडे कमी, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी. म्हणजे जवळ कुणी असण्याने फरक पडतो हे नक्की. तो फरक प्रमाणपत्रामुळे पडतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

मग प्रमाणपत्र घ्यायचंच कशाला? दोन गोष्टींसाठी: हात शिकायला, आणि दार उघडायला.

हाताचं आधी सांगते, कारण ऑनलाइन आणि प्रत्यक्ष कार्यशाळा यांतला फरक तिथेच कळतो. कळ आली की कमरेच्या मागून दोन्ही बाजूंनी दाबायची एक पद्धत आहे. व्हिडिओत दिसतं की बाईने दोन्ही तळवे कमरेवर ठेवले आणि दाबलं. मी घरी उशीवर सराव केला होता. कार्यशाळेत जोडीदारणीवर करून दाखवायला गेले तर ती म्हणाली, "इथे काही वाटतच नाही, खाली ये. अजून खाली." शेवटी तळव्याचा मनगटाजवळचा भाग कुल्ह्यांच्या मांसल भागावर आला, दाब आत आणि किंचित वर गेला, तेव्हा ती एकदम "हां!" म्हणाली. त्या "हां"ची जागा पडद्यावर सापडत नाही. शिवाय हे एकदा नाही, दर तीन-चार मिनिटांनी, कधी सहा-सहा तास करायचं असतं. नुसत्या मनगटाने दाबलं तर दुसऱ्या तासालाच हात कामातून जातो. कोपर अंगाशी धरून अंगाचं वजन टाकायला कुणीतरी आपल्या मागे उभं राहून शिकवावं लागतं.

म्हणून निव्वळ ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. स्वस्त असतो, आपल्या वेळेने होतो, तालुक्याच्या गावी राहणारीला दुसरा इलाजही नसतो, हे मान्य. शरीरशास्त्र, कळांचे टप्पे, स्तनपान हे सगळं त्यातून उत्तम शिकता येतं. पण शेवटचा व्हिडिओ बघून झाला की लगेच पीडीएफ हातात देणाऱ्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच. थिअरी ऑनलाइन करा आणि दोन दिवस कुठेतरी प्रत्यक्ष कार्यशाळेला जा, असं मी सांगते.

प्रमाणपत्रांत आपल्याकडे जास्त ओळखीचं नाव डोना इंटरनॅशनल. १९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था. वर सांगितलेले क्लाउस आणि केनेल तिच्या संस्थापकांत, बाळंतपणाच्या शिक्षिका पेनी सिमकिनही. निदान १६ तासांची कार्यशाळा, वाचनाची यादी, स्तनपानाचं शिक्षण आणि तीन बाळंतपणांना प्रत्यक्ष सोबत, असा साधारण साचा. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. अटी अधूनमधून बदलतात, पैसे भरायच्या दिवशीच्या वाचा. फीची तुलना करताना फक्त कार्यशाळेचा आकडा धरू नका. सभासदत्व, प्रमाणपत्राची फी आणि नूतनीकरण हे सगळं डॉलरमध्ये असतं, आणि डॉलर काही आपल्यासाठी थांबत नाही.

कार्यशाळा दोन-तीन दिवसांत संपते. अडकायला होतं ते त्या तीन बाळंतपणांत. माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणी तिथेच थांबल्या. नवख्या बाईला लेबर रूममध्ये कोण घेणार? माझ्या पहिल्या केसला डॉक्टरांनी तोंडी हो म्हटलं होतं. मध्यरात्री तिथे पोचले तर सिस्टर दारात: "एकच जण आत. नवरा का तुम्ही?" अर्थातच नवरा. मी बाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसले. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मी बाकावरून सांगत राहिले: श्वास सोड, जबडा सैल, आता त्याला कंबर दाबायला सांग. मधेच त्याचा खिसा बोलतोय म्हणून आया दचकली. मुलगी झाली, सगळं छान झालं, पण ते बाळंतपण माझ्या तीनात धरलं गेलं नाही.

हे दार का बंद असतं तेही समजून घ्या. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असं केंद्राचं धोरण आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमातही सन्मानाने वागवण्यावर भर आहे. पण त्या धोरणातली सोबतीण म्हणजे नात्यातली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई. पैसे घेऊन येणारी डूला त्या चौकटीत बसत नाही. खाजगीत सगळं डॉक्टरांच्या मर्जीवर. डूलाची नोंदणी करणारी परिषद किंवा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे "मी प्रमाणित आहे" याला दारातल्या सिस्टरच्या लेखी काही अर्थ नसतो. तिला डॉक्टरांचा शब्द लागतो.

म्हणून कोर्सची फी भरण्याआधी एक काम करा. आपल्या भागातल्या तीन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि नेमके प्रश्न विचारा. नवऱ्याशिवाय आणखी एक जण लेबर रूममध्ये चालेल का? रात्रपाळीच्या सिस्टरला तसं लिहून ठेवाल का? सिझरला नेलं तर मी कुठे थांबू? तिघांपैकी कुणीच हो म्हटलं नाही, तर त्या गावात डूला प्रमाणपत्राचा उपयोग फक्त प्रसूतीनंतरच्या मदतीपुरता. तेही काम आहेच, पण ते वेगळं.

तिसरी वाट शिक्षिकेची. लमाझ हे त्यातलं जुनं नाव. फेर्नां लमाझ हे फ्रेंच डॉक्टर. सोव्हिएत रशियात पाहिलेली पद्धत त्यांनी १९५१ मध्ये फ्रान्समध्ये आणली, आणि १९६० मध्ये अमेरिकेत त्यावर संस्था उभी राहिली. सिनेमातल्या फू-फू श्वासामुळे ते तेवढंच वाटतं, पण आताचा अभ्यासक्रम बराच रुंद आहे आणि शेवटी लेखी परीक्षा असते. काम दिवसाचं. शनिवार-रविवारी जोडप्यांची बॅच, बाहुली, ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा, लंगोट बांधायचा सराव. रात्री झोप. रुग्णालयंही असे वर्ग घेणाऱ्या बाईला आनंदाने जागा देतात, कारण ती लेबर रूममध्ये उभी राहत नाही! फिजिओथेरपिस्ट किंवा योगशिक्षिका असाल तर मी डोळे मिटून हीच वाट सांगेन. अडचण एकच, पुण्या-मुंबईत गर्भसंस्काराच्या वर्गांची इतकी गर्दी आहे की तुमचं वेगळं काय, ते पहिल्या फोनमध्येच सांगावं लागतं. "वीणा ऐकवता का?" असं विचारणाऱ्यांना कळा आल्यावर काय करायचं ते शिकवते हे पटवायला मला जरा वेळ लागतो.

चौथी वाट लांबची. बाळाला हात लावायचाय, ठोके ऐकायचेत, स्वतः प्रसूती करायचीय, असं आतून वाटत असेल तर डूलाच्या कोर्सने तुमची कायम कुचंबणा होईल. त्यासाठी नर्सिंगच. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षं, जीएनएम (सर्वसाधारण परिचारिका-प्रसाविका) तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. पण एएनएम, जीएनएमच्या प्रवेशाला साधारण ३५ ही वयाची मर्यादा आहे, हे चौतिशीतल्या बाईला आजच सांगायला हवं, पुढच्या वर्षी नाही. त्यापुढे मिडवाइफरी, म्हणजे स्वतः प्रसूती करणाऱ्या नर्सचं शिक्षण: केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नोंदणीकृत, अनुभवी नर्सेससाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण आखलं. हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेत त्याचं मोठं काम चालतं. आधीच जीएनएम असलेल्या, लेबर रूममध्ये काम केलेल्या मुलीने डूला प्रमाणपत्रावर पैसे घालवण्याआधी हे बघावं. फक्त भ्रम नको: नर्स झालात म्हणून कुणाचा हात धरून बसायला मिळेल असं नाही. रात्रपाळीला एक सिस्टर आणि सहा खाटा, हे चित्र मी पुष्कळदा पाहिलंय.

पैशांचं हिशेबाने बघा, पण तासांच्या नाही. ३८व्या आठवड्यापासून ४२व्यापर्यंत डूलाचा फोन उशाशी असतो. त्या काळात गणपतीला कोकणात जाता येत नाही, दुसऱ्या शहरातलं लग्न नाही, ताप आला तर बदली डूला आधीच ठरलेली हवी. महिन्याला दोन, फार तर तीन केसेस. म्हणजे एका केसची फी ही एका रात्रीची नसून चार आठवडे बांधून घेतल्याची असते. शिक्षिकेचं उत्पन्न कमी चढ-उताराचं, नर्सचा पगार ठरलेला.

आणि एक कोर्स मात्र कुठल्याही किमतीला घेऊ नका: "सिझर टाळा" शिकवणारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारीत १४.३ टक्के. हा फरक बघून घाबरलेली जोडपी तुमच्याकडे नॉर्मलची खात्री मागायला येतात. ती खात्री विकायला शिकवणारा कोर्स तुम्हाला डॉक्टरांशी भांडायला लावेल, आणि सिझर झालेल्या बाईला आपण नापास झालो असं वाटायला लावेल. माझ्या सिझर झालेल्या बायकांसाठीही मी तितकीच जागलेय. थिएटरबाहेर आल्यावर थरथरणाऱ्या बाईच्या अंगावर दुसरी चादर घालायची आणि बाळाला पहिल्यांदा छातीशी लावताना उशी कुठे ठेवायची, हेही हेच काम.

त्या ३४ वर्षांच्या बाईला मी सांगितलं की नर्सिंगचा विचार असेल तर या जूनपर्यंतच ठरव. नसेल तर आधी वर्ग घेण्याचं प्रशिक्षण घे, सहा महिने जोडप्यांना शिकव, त्यातल्याच कुणी "ताई, तुम्ही त्या दिवशी याल का?" म्हणेल. तुझी पहिली तीन बाळंतपणं तिथून येतील, ओळखीच्या डॉक्टरांसकट. मग कार्यशाळा.

आठवड्याने तिचा फोन आला. "सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, रात्री मुलाला मी बघते, त्याची काळजी करू नकोस. पण दोन वाजता स्कूटरवर एकटी जायचं नाही." आता ती रात्री येईल असा ओळखीचा रिक्षावाला शोधतेय.