रोटरी गाडी शेवटी एमिशन टेस्ट पास, गॅरेजवाल्याला फुल मार्क्स
माझी रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) जुनी स्पोर्ट्स कार दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा हायड्रोकार्बन, म्हणजे धुरातलं न जळलेलं पेट्रोल, जास्त, म्हणून शेवटी रोटरीचंच काम करणाऱ्या गॅरेजमध्ये नेली आणि खरं सांगतो, आधीच न्यायला हवी होती. बाकी सगळे थेट कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदला म्हणत होते. ह्याने आधी चारही प्लग काढून माझ्या हातात दिले, दोन तर काजळीने काळेकुट्ट, मग एअर पंपाचा पाईप वाकवून दाखवला, घडीत बारीक चीर. हा पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, त्यानेच उरलंसुरलं पेट्रोल जळतं, ती हवाच गळाली तर एकटा कॅट काय करणार! रोटरीचं चेंबर लांबट, कडेचं मिश्रण नीट जळत नाही, वर सीलसाठी ऑइलही आत जातंच (माझदाच्या 2003 च्या आरएक्स-8 गाडीत एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायची भोकं, बाजूच्या भिंतीत नेली ती ह्यासाठीच). प्लग नवे, पाईप नवा. टेस्टच्या आधी अर्धा तास चांगली पळवा, रांगेत इंजिन बंद करू नका असं बजावलं होतं, तसंच केलं. पास! कॅट जुनाच आहे अजून. दोन दिवस जास्त लागले, पण चालतंय.