रायबेल्सस, काही महिन्यांनंतर: औषध खरं, पण पाणी मोजून प्या

रायबेल्सस म्हणजे सेमाग्लुटाइड या औषधाची रोज घ्यायची गोळी. मधुमेहाचं सेमाग्लुटाइड वजनाकडे कसं वळलं, हे वाचकांना माहीत आहे, त्यामुळे ते उगाळत नाही. भारतात ही गोळी 2022 पासून मिळते. मान्यता टाइप 2 मधुमेहासाठी आहे, नुसत्या वजनासाठी डॉक्टर लिहून देतात ते त्याबाहेरचं. भूक खरोखर मंदावते, दुसरी पोळी नकोशी होते. मळमळ आणि बद्धकोष्ठता डोस वाढवल्यावर जास्त जाणवते. ते सोसता येतं.

सोसवत नाही ती जास्तीच्या पाण्यामुळे होणारी औषधाची उधळपट्टी. गोळी सकाळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबरच घ्यायची, जास्तीत जास्त 120 मिली. आपल्याकडे उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी, वर लिंबू-मध किंवा जिऱ्याचं पाणी. तिथेच गोळी वाया जाते. प्रत्येक गोळीत स्नॅक नावाचा 300 मिग्रॅ घटक असतो. गोळी जठरात जिथे टेकते, तिथेच तो आजूबाजूचं आम्ल कमी करतो आणि औषध आत शिरायला वाट करून देतो. भरपूर पाण्यात तो पातळ होतो. मुळातच जेमतेम 1 टक्का औषध रक्तात पोचतं. रोज 14 मिग्रॅ, म्हणजे आठवड्याला 98 मिग्रॅ गिळायचं आणि त्यातलंही घालवायचं?

अंदाजाने पाणी ओतू नका. सिरपच्या बाटलीवरचं 15 मिलीचं टोपण आठ वेळा भरून एका पेल्यात ओता, पाणी जिथवर येईल तिथे बाहेरून चिकटपट्टी लावा. तोच पेला कायमचा ठेवा. लिंबू, मध, चहा यांतलं काहीही गोळीबरोबर नको, साधं पाणीच. त्यानंतर किमान 30 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळीही नाही. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्याने चहा आधी उरकला, तर त्या दिवशीची गोळी फुकट. अशा वेळी ती सोडा आणि उद्याची उद्या घ्या. सेमाग्लुटाइड शरीरात अर्धं व्हायला सुमारे आठवडा लागतो, एका दिवसाने बिघडत नाही.

काटकसर म्हणून 14 ची गोळी मोडून दोन दिवस चालवणारे भेटतात. तसं करू नका. अर्ध्या गोळीत स्नॅकही अर्धाच येतो, हिशेब जुळत नाही. गोळी अख्खीच गिळायची. सुरुवातीची 3 मिग्रॅ फक्त पोटाला सवय लावायला असते, 30 दिवसांनी 7. त्या पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून औषध बंद करणं म्हणजे पैसे पाण्यात.

गोळी ओल धरते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात वारांच्या डबीत काढून ठेवायची नाही, घ्यायच्या क्षणीच पानातून काढायची. सुट्या गोळ्या घेताना केमिस्टची कात्री कप्प्याच्या कडेला लागून फॉइल उचकटते. आमच्याकडच्या एका दुकानदाराने अशी गोळी बदलून द्यायला साफ नकार दिला, वर "काही होत नाही" हे ज्ञान. होतं! अख्खं पानच घ्या.

सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा सुईनेही घेता येतं. आधी मत असं होतं की सुई नको, फ्रिज सांभाळायला नको, गोळीच बरी. आता ते पक्कं राहिलेलं नाही. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटीच घ्यायचं असतं आणि घरोघरी कुणी ना कुणी ते घेतं. दोन्ही एकत्र घेतली तर थायरॉक्सिनचं प्रमाण सुमारे 33 टक्क्यांनी वाढतं, हे कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे. वेळांची विभागणी डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. ज्यांची सकाळ अशी भरलेली आहे किंवा ड्युटी पाळीची आहे, त्यांना आठवड्याची सुईच परवडेल.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर त्याचा डोस आधी डॉक्टरांना दाखवा, साखर एकदम उतरते. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) झालेला असेल तर हे औषध नकोच. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करायचं, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही.