अंगठी घातली की झालं!

भाचीच्या हट्टापायी ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही अमेरिकन मालिका पुन्हा बघायला घेतली. ८ सीझन, १७१ भाग. २००९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते आणि तिच्या नायकावर, स्टीफन या व्हॅम्पायरवर जीव टाकत होते. आता भाची पंधरा वर्षांची आहे, स्टीफन अजून सतराचाच, व्हॅम्पायरचं वय वाढत नाही ना.

पहिल्याच भागात इतिहासाचा तास आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या एका लढाईत किती माणसं गेली, असं सर विचारतात. वर्गात कुणालाच सांगता येत नाही. नवीन आलेला स्टीफन फाडकन आकडा सांगतो, वर गावातले सामान्य लोक धरायचे की नाही यावरून सरांनाच अडचणीत आणतो. तेव्हा मला हे फार भारी वाटलं होतं. या वेळी म्हटलं, अरे बाबा, तुला माहीत असणारच, तू त्याच गावचा आणि त्याच काळातला! दीडशे वर्षं हाताशी असताना या माणसाला सुचलं काय, तर पुन्हा शाळेत नाव घालायचं.

“मावशी, आता या नायिकेसारखी दिसणारी जुन्या काळातली बाई निघणार बघ,” भाची म्हणाली. त्याच भागात तशा बाईचा १८६४ चा फोटो निघाला. तिने ही मालिका आधी पाहिलेली नव्हती, पण अशा चार मालिका पाहिल्या होत्या. ही युक्ती तरी कुठे नवी? १९६७ मध्ये ‘डार्क शॅडोज’ या मालिकेतला बार्नबस नावाचा व्हॅम्पायर शवपेटीतून बाहेर आला, तोही एका मुलीत आपली गेलेली प्रेयसी जोझेट शोधत होता. अमेरिकेतली पोरं शाळा सुटली की ती मालिका बघायला घराकडे पळायची म्हणे.

उसनवारीचं मला काही नाही. माझं भांडण अंगठीशी आहे. या मालिकेतल्या व्हॅम्पायरने मंतरलेली अंगठी घातली की ऊन बाधत नाही. मग शाळा, फुटबॉल, पार्ट्या, सगळं भरदिवसा. ‘बफी’ या व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीच्या मालिकेत तिचा प्रियकर एंजल हाही व्हॅम्पायरच, पण त्याच्या नशिबी हे नव्हतं. तिचं जग दिवसाचं, त्याचं रात्रीचं. पुढे १९९९ मध्ये त्याच्या स्वतःच्या मालिकेत बफी त्याला तशीच एक अंगठी पाठवते. तो एकच सूर्यास्त डोळे भरून बघतो आणि अंगठी विटेने फोडून टाकतो. दिवसाच्या माणसांना मदत मिळते, रात्री अडकलेल्यांचं कोण आहे, उन्हात गेलो तर त्यांना विसरेन, असं त्याचं म्हणणं.

दहा वर्षांनी तशीच अंगठी नायकाच्या बोटात पहिल्या भागापासून! शापाचा काच गेला, देखणा चेहरा तेवढा उरला.

स्टीफनचा भाऊ डेमन, त्याचं तर बघवेना. पहिल्या सीझनमध्ये तो नायिकेच्या मैत्रिणीला, कॅरोलाइनला भूल घालतो, तिचं रक्त पितो, तिला आठवू देत नाही. पुढे हाच नायिकेचा प्रियकर, आणि कॅरोलाइन त्याच टोळक्यात. भाची म्हणते, “पण तो क्यूट आहे ना.” हे मीही म्हणत होते, म्हणून गप्प बसले.

एक खरं, मालिकेला वेग आहे. दुसरी मालिका वर्षभर पुरवेल एवढं कथानक ही तीन भागांत उडवते. निना डोब्रेव्ह नायिका इलेना आणि तिच्यासारखी दिसणारी फोटोतली कॅथरीन दोघी करते आणि नुसत्या मान वळवण्यावरून कोण कुठली ते कळतं. मागून आलेल्यांनी हे सोडून बाकी सगळं उचललं. २०११ मध्ये त्याच चॅनेलने, ‘व्हॅम्पायर डायरीज’ जिच्या पुस्तकांवरून घेतली त्याच लेखिकेच्या पुस्तकांवरून, चेटकिणींची ‘द सीक्रेट सर्कल’ आणली. ती २२ भागांत आटोपली. आपल्याकडे स्टार वनवर २०१० मध्येच ‘प्यार की ये एक कहानी’ आली होती. तिथेही कॉलेज, तिथेही व्हॅम्पायर.

भाचीला एंजलचा तो अंगठीचा प्रसंग मुद्दाम दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, “वेडा आहे का हा? ठेवली असती तर बफीला दिवसा भेटता आलं असतं.”

तिसरा सीझन चालू आहे. मीही बघतेय.