पी ०४४३ : मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प की थेट नवा पर्ज व्हॉल्व्ह?

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०४४३, ०४४४ किंवा ०४४५ दिसला, की बहुतेक जण आधी पर्ज व्हॉल्व्हची, म्हणजे पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेची, किंमत विचारतात. जरा थांबा. हे तिन्ही कोड त्या व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटचे आहेत. दोष व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये असेल, तसाच वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा फ्यूजमध्येही असू शकतो. (०४५५ असेल तर मामला वाफेच्या गळतीचा, आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा.)

व्हॉल्व्हला दोनच वायरी असतात. बहुतेक गाड्यांत चावी दिली की एकीवर १२ व्होल्ट येतात. दुसरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) भराभर निगेटिव्हला जोडतो-सोडतो आणि कॅनिस्टरमधली, म्हणजे वाफ साठवणाऱ्या डब्यातली, पेट्रोलची वाफ इंजिनात सोडतो.

कॉइल तपासायला मल्टीमीटरला तोड नाही. कनेक्टर काढून व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर रोध मोजा. बऱ्याच गाड्यांत तो २० ते ३० ओहम असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. काहीच वाचन आलं नाही तर कॉइल तुटली. इंजिन तापल्यावर पुन्हा मोजा. गार असताना ठीक असलेली कॉइल कधी कधी गरम झाल्यावर दगा देते.

वायरिंगच्या बाबतीत मात्र हाच मीटर फसवतो. तो जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी पूर्ण व्होल्टेज दाखवतो. माझ्या गाडीत तसंच झालं. मीटरवर १२.४ व्होल्ट आणि पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब (हाच माझा टेस्ट लॅम्प) त्याच पिनेवरून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला तर नुसता लालसर निखारा! कनेक्टरचं रबर सील गेलेलं होतं आणि पिनेच्या मागे वायर हिरव्या गंजाने खाल्लेली. वायरीचा तेवढा तुकडा बदलला, कोड गेला. असा बल्ब व्हॉल्व्हइतकाच, साधारण ०.४ अँपिअर करंट ओढतो, म्हणून त्याची परीक्षा खरी. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मात्र ईसीयूच्या वायरीवर कधीही लावू नका. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि ईसीयूमधला व्हॉल्व्ह चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळू शकतो. वायरीला सुई टोचूनही तपासू नका, त्या भोकातून पाणी शिरतं.

थेट नवा व्हॉल्व्ह बसवणं मला पटत नाही. कॉइल बिघडल्याचं मीटरवर दिसलं असेल तरच तो घ्या.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा कोड वाचतो आणि पुसतो, तेवढंच. गॅरेजचा चांगला स्कॅनर व्हॉल्व्हला स्वतः हुकूम देऊ शकतो. टक् टक् आवाज आला तर निदान त्या घडीला सर्किट पूर्ण आहे. तेव्हाच वायरी हलवून बघा. आवाज तुटला, की जिथे बोट आहे तिथेच दोष आहे.

एक पिशवी भरायची तर मी मीटर आणि ५ वॅटचा बल्ब दोन्ही घेईन. कॉइल ठीक, पुरवठा ठीक, ईसीयूपर्यंतची वायरही सलग, तरी कोड परत येत असेल, तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.